नाव न विचारणारं दार: प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

कामाची हद्द आज ठरली. बेळगावातल्या आमच्या वाचनालयाच्या सभासदांसाठी एक छोटं सोशल नेटवर्क उभं करायचं. आपसात आम्ही त्याला नुसतं ‘कट्टा’ म्हणतो. सॉफ्टवेअर मॅस्टोडॉन हे तयार, खुलंच घ्यायचं, नवं लिहीत बसायला माणसं नाहीत. त्याचा परवाना एजीपीएल आहे, म्हणजे आम्ही केलेले बदल वापरणाऱ्यांना खुले करावे लागतील. ते बरंच आहे.

अट अशी: आत येणारा प्रत्येक जण सभासद असला पाहिजे, एका सभासदाचं एकच खातं असलं पाहिजे, आणि कुठलं खातं कुणाचं हे कुणालाही कळता कामा नये. वाचनालयालाही नाही आणि सर्व्हर चालवणाऱ्या आम्हालाही नाही.

हे कशाला हवं, यावर कार्यकारिणीत फार खल झाला नाही. पोराला मराठी शाळेत घालायचं, कन्नड की इंग्रजी, या एका प्रश्नावर माणसं खऱ्या नावाने काय लिहितात आणि चहाला बसल्यावर काय बोलतात हे सगळ्यांनी पाहिलंय. सरकारी शाळेतली शिक्षिका वरिष्ठांना भिते, हे उघडच आहे. मुलीला कन्नड माध्यमात घातलेला शहापुरातला मराठी बाप मात्र गल्लीतल्या आपल्याच माणसांना भितो. धोक्यांच्या यादीत मी या बापाला वर ठेवलंय, कारण गल्लीतल्या माणसांकडे त्याच्याबद्दलची माहिती कुठल्याही सरकारी दप्तरापेक्षा जास्त असते.

१२ नोव्हेंबर

‘आधार घ्या की, सोपं पडेल’ अशी सूचना आली. ऑफलाइन ई-केवायसीची एक्सएमएल फाइल उघडून बघितली. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेची डिजिटल सही संपूर्ण फाइलवर मिळून एकच असते. नाव, जन्मतारीख, लिंग, पत्ता, फोटो असं सगळं त्या एका सहीखाली. पत्ता झाकून फक्त वय दाखवावं म्हटलं तर सही जुळत नाही. वर संदर्भ क्रमांकात आधारचे शेवटचे चार अंक असतातच. शिवाय २६ सप्टेंबर २०१८च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खासगी कंपन्यांच्या आधारवापराची वाट बंद केली, तेव्हापासून त्या कायद्याच्या कडेकडेने चालण्याची हौस कुणाला नाही.

मुळात आम्हाला हवी ती गोष्ट आधारमध्ये नाहीच. चंदगडहून येणारे वाचक आहेत, त्यांचा पत्ता महाराष्ट्रातला. पुण्याला नोकरीसाठी गेलेले आजीव सभासद आहेत. सभासदत्व वाचनालयाच्या वहीत आहे. प्रस्ताव बाद.

१६ नोव्हेंबर, रविवार

मग रीतसर मार्ग. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचं विकेंद्रित ओळखीचं मानक, म्हणजे डीआयडी, जुलै २०२२मध्ये पक्कं झालं. पडताळता येणाऱ्या दाखल्यांच्या मानकाची दुसरी आवृत्ती मे २०२५मध्ये आली. रचना समजायला अवघड नाही. वाचनालय दाखला देणार, सभासद तो आपल्या फोनमध्ये ठेवणार, कट्टा तो तपासणार. तपासताना कट्ट्याने वाचनालयाला फोन करायचा नाही, सही आणि ती तपासायला सगळ्यांना खुली असलेली वाचनालयाची सार्वजनिक किल्ली एवढ्यावर काम भागतं.

सहीसाठी बीबीएस घेतली. बोने, बॉयेन आणि शाकम यांच्या २००४च्या निबंधातून निघालेली ही पद्धत. दाखल्यातली हवी ती ओळ दाखवायची, बाकीच्या झाकायच्या, तरी सही खरी असल्याचं सिद्ध होतं. आणि दरवेळी दाखवलेला पुरावा वेगळा दिसतो, त्यामुळे दोन पुरावे एकाच माणसाचे हे ताडता येत नाही. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातल्या आमच्या पोरीने नमुना चालवून दाखवला. सगळे खूश. दाखल्यात काय काय घालायचं याची फर्माईश लगेच सुरू झाली: गाव दिसू दे, वयोगट दिसू दे, म्हणजे ‘आमच्याकडचं कोण बोलतंय’ ते कळेल.

२३ नोव्हेंबर, रविवार

फर्माईश तपासून पाहिली. सभासद वहीतली नावं काढून टाकली आणि उरलेल्या यादीचे गाव, जन्माचं दशक आणि स्त्री-पुरुष असे गट पाडले. बेळगाव शहरातल्या सभासदांचे गट भरघोस निघाले. शहराबाहेर पडल्यावर चित्र पालटलं. कणकुंबी, जांबोटी, लोंढा या बाजूच्या बहुतेक गटांत एकेकच माणूस. ‘कणकुंबीची, साठीच्या पुढची, बाई’ एवढं दाखवलं की नाव झाकून उपयोग काय? तिकडच्या कुणालाही विचारा, नाव-घरासकट सांगेल.

लतान्या स्वीनी यांनी २०००च्या सुमारास अमेरिकेच्या जनगणनेवरून दाखवलं होतं की पिनकोड, लिंग आणि पूर्ण जन्मतारीख एवढ्यावर तिथली सुमारे ८७ टक्के माणसं एकटी पडतात. तिथे जन्मतारीख लागली. खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यात दशकावर काम होतं.

बीबीएसचं गणित यात कुठेच चुकलेलं नाही. दाखवलं तेवढंच दिसतं, हे ते इमानदारीने पाळतं. पण माणूस लपतो तो आपल्यासारख्या इतरांमध्ये, आणि तसे इतर आहेत की नाहीत हे कुठलीही सही ठरवू शकत नाही. गाव, वय, लिंग तिन्ही ओळी दाखल्यातून काढल्या. उरलं एकच वाक्य: हा सभासद आहे. पोरगी म्हणाली, “मग एवढ्या मोठ्या यंत्राची गरजच काय उरली?” प्रश्न रास्त आहे, टांगणीला ठेवलाय.

३० नोव्हेंबर, रविवार

दाखला रद्द करण्याची सोय बघितली. मानकातली स्थितियादी म्हणजे एक लांबच लांब बिटमाला, निदान १,३१,०७२ बिटांची, म्हणजे १६ केबी. आपल्या दाखल्याचा बिट १ झाला की दाखला रद्द. यादी इतकी लांब ठेवण्याचं कारण असं की ती मागवणारा नेमकं कुणाबद्दल बघतोय हे देणाऱ्याला कळू नये. छान. पण दाखला तपासताना आपला क्रमांक कट्ट्याला सांगावाच लागतो, आणि तो क्रमांक फक्त आपलाच असतो. बीबीएसने दर पुराव्याला नवा चेहरा द्यायचा आणि स्थितियादीने प्रत्येकाच्या कपाळावर तोच आकडा लिहायचा! यावर संचयकासारखे (क्रमांक न सांगता आपण यादीत आहोत हे सिद्ध करणारे) उपाय आहेत, कामेनिश आणि लिस्यान्स्काया यांचा निबंध २००२चा आहे. पण ते चालवणं, दर बदलाला सगळ्यांचे पुरावे ताजे ठेवणं, हे आमच्या तीन-चार माणसांच्या आवाक्यातलं नाही.

७ डिसेंबर, रविवार

यंत्र लहान केलं. डेव्हिड चॉम यांची आंधळी सही, १९८२ची युक्ती.

चॉम यांनीच दिलेलं उदाहरण कार्यकारिणीला सांगितलं, लगेच पटलं. आतून कार्बन लावलेलं पाकीट घ्या, त्यात आपली कोरी चिठ्ठी घाला आणि बंद करून ग्रंथपालांना द्या. ते वही बघतात, तुमच्या नावापुढे टिक करतात आणि पाकिटावर सही करतात. सही कार्बनमधून चिठ्ठीवर उमटते. घरी जाऊन पाकीट फाडा, सही असलेली चिठ्ठी हातात. ग्रंथपालांनी ती कधी पाहिलेलीच नाही.

फोनमध्ये चिठ्ठी म्हणजे एक मोठा यादृच्छिक आकडा आणि पाकीट म्हणजे त्याला गुणलेला दुसरा गुप्त आकडा. आरएसए या जुन्या सही-पद्धतीवर आधारलेली याची नेमकी कृती आरएफसी ९४७४ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात ऑक्टोबर २०२३मध्ये निघालीय. किल्ली २०४८ बिटांची, सही २५६ बाइटांची. जुन्यात जुन्या फोनवर चालते. किल्ली नियमाप्रमाणे बनवलेली असेल तर कितीही मोठा संगणक आणला तरी पाकिटावरून चिठ्ठी ओळखता येत नाही, कारण योग्य गुप्त आकडा धरला तर कुठलीही चिठ्ठी कुठल्याही पाकिटात बसू शकते.

आम्ही या चिठ्ठीला टोकन म्हणतो. कट्ट्यावर खातं उघडताना टोकन द्यायचं. सही खरी आहे ना आणि हा आकडा आधी वापरलेला नाही ना, एवढंच दार तपासतं. वर्षाला माणशी एक टोकन. ज्याने घाण केली त्याचं खातं बंद, आणि पुढच्या वर्षाचं टोकन मिळेपर्यंत तो बाहेर. तो कोण हे तेव्हाही कळणार नाही. कार्यकारिणीत दोघांना हे रुचलं नाही, मला रुचलंय.

ग्रंथपालकाकांचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा होता: “मला काय दिसालंय, ते आधी सांगा की.” त्यांना दिसतं: कुणी टोकन नेलं. खातं कुठलं, ते दिसत नाही.

१० डिसेंबर

सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन, शहरात बंदोबस्त. बैठक नाही. मॅस्टोडॉनच्या नोंदणीत ईमेल सक्तीचा आहे, तो कुठे कुठे वापरलाय हे शोधत बसलो. अपेक्षेपेक्षा जास्त ठिकाणी.

१४ डिसेंबर, रविवार

ईमेल काढला. तो ठेवला असता तर वरची सगळी आंधळी सही वाया गेली असती, निम्म्या लोकांच्या ईमेलमध्ये आडनाव आणि जन्मसाल असतं.

आता वेळ. समजा रविवारी अकराला काकांनी एकालाच टोकन दिलं आणि सव्वाअकराला कट्ट्यावर एक नवं खातं आलं. गणित शाबूत, गुपित फुटलं. म्हणून पहिल्या ५० जणांना टोकनं दिल्याशिवाय दार उघडायचं नाही, आणि नंतरची नवी खाती आठवड्यातून एकदाच, एकत्र, उलटसुलट क्रमाने दिसू लागतील.

आयपी पत्त्याचं, म्हणजे कोण कुठल्या इंटरनेट जोडणीवरून आलं या खुणेचं, दुखणं राहतंच. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या आदेशाप्रमाणे प्रणालीचे लॉग, म्हणजे वापराच्या नोंदी, १८० दिवस भारतात ठेवावे लागतात. ते आम्ही ठेवणार, टाळाटाळ नाही. टोकन देण्याचं मशीन वेगळं, कट्ट्याचा सर्व्हर वेगळा, दोन्हींचे लॉग वेगळ्या माणसांकडे. टोकन वाचनालयाच्या वायफायवर घ्यायचं आणि खातं दुसरीकडून, दुसऱ्या दिवशी उघडायचं. अ‍ॅप स्वतःच एक दिवस थांबवतं, माणसाच्या शहाणपणावर सोडलेलं नाही.

२१ डिसेंबर, रविवार

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३चा, नियम गेल्या महिन्यात अधिसूचित झाले. १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागेल. वाचनालयात पीयूसीची (अकरावी-बारावीची) पोरं बरीच येतात, त्यांना घ्यायचं तर दोन किल्ल्या कराव्या लागतील, एक सज्ञानांची, एक मुलांची. मग मुलांचा गट आपोआप छोटा आणि वेगळा दिसणार. सध्या १८ पूर्ण झालेल्यांनाच टोकन. वही बघून काका ठरवतील, कट्ट्याकडे जन्मतारीख येणारच नाही. पोरं नाराज आहेत.

२८ डिसेंबर, रविवार

ईमेल गेला तसं ‘पासवर्ड विसरलात का’ हेही गेलं. फोन हरवला तर काय?

पहिला विचार शमीर यांच्या १९७९च्या पद्धतीचा. गुपिताचे पाच तुकडे करून पाच विश्वासू माणसांकडे ठेवायचे, कुठलेही तीन जमले की गुपित परत. कागदावर सुरेख. पण आमच्याकडे पाच विश्वासू माणसं म्हणजे थोरले काका, मेव्हणा, चुलतभाऊ, आणि हे सगळे एकाच वाड्यात नाहीतर एकाच लग्नात भेटणार. ज्यांच्यापासून लपायचं त्यांच्याच हाती तुकडे. बाद.

दुसरा मार्ग बारा शब्दांचा. बिटकॉइनवाल्यांची बीआयपी-३९ पद्धत: २,०४८ शब्दांची यादी, प्रत्येक शब्द ११ बिटांचा, बारा शब्दांत १३२ बिट, त्यांतले १२८ गुपिताचे आणि ४ तपासणीचे. या शब्दांतून लॉगिनची किल्ली निघते. आम्ही पुढे जाऊन टोकनचा आकडा आणि पाकिटाचा गुप्त आकडाही त्यातूनच काढला. फायदा असा की खातं उघडण्याआधी फोन हरवला तर नव्या फोनवर तेच पाकीट पुन्हा तयार होतं, काका त्यावर तीच सही पुन्हा देतात, आणि दुसरं टोकन जन्माला येत नाही. कल्पना पोरीची.

४ जानेवारी २०२६, रविवार

बीआयपी-३९च्या अधिकृत याद्यांत इंग्रजी, जपानी, कोरियन, चेक वगैरे आहेत, मराठी नाही. आपली बनवायला घेतली आणि काम भलतंच रंगलं.

मूळ पद्धतीत शब्दांची अक्षरमाळच गुपित काढायला वापरतात, त्यामुळे एक अदृश्य फरकही घातक ठरतो. ‘सुऱ्या’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्तेवाल्या ऱ ला हलंत करून, किंवा साध्या र ला हलंत आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखे. युनिकोडचं प्रमाणीकरण पहिल्या ऱ चे र आणि नुक्ता असे दोन भाग करतं, पण ते जोडचिन्ह काढत नाही. म्हणजे बरोबर शब्द लिहूनही खातं उघडणार नाही.

म्हणून अक्षरमाळ वापरायचीच नाही असं ठरवलं. शब्दाचा यादीतला क्रमांक तेवढा घ्यायचा. शब्द टाइप करण्याऐवजी पहिली दोन अक्षरं दिली की चौकोनांतून निवडायचा. याचा आणखी एक लाभ झाला: त्याच क्रमांकांची कन्नड यादी जोडता येते. वाचनालयाचे कन्नड बोलणारे सभासद काही कमी नाहीत, आणि मराठी घरातल्या कन्नड शाळेत शिकलेल्या पोरांना तीच लिपी झटकन वाचता येते.

यादीतून काय काढलं: ऱ्हस्व-दीर्घाच्या जोड्या (दिन-दीन, सुत-सूत), ण-न आणि ळ-ल यांच्या जोड्या (मण-मन, बाळ-बाल), सगळी आडनावं, जातींची नावं, देवांची नावं, गावांची नावं. गावांच्या नावांवर वाद झाला. कुणाच्या चिठ्ठीवर ‘बेळगाव’ आलं आणि कुणाच्या ‘बेळगावी’, तर बाकीचे अकरा शब्द बाजूलाच राहतील.

११ जानेवारी, रविवार

बचत गटातल्या बायकांबरोबर चाचणी. एका आक्कांनी पहिल्या पाच मिनिटांतच मुद्द्याला हात घातला: “फोन माझा, पण पोरगा घेऊन बसालाय दिवसभर. मग गुपित कसलं गा?”

धोक्यांच्या यादीत सर्व्हर, वाचनालय, गल्ली सगळं होतं, घर नव्हतं. आता आहे. अ‍ॅपला वेगळा पिन, त्याशिवाय किल्ली उघडत नाही. सूचना पडद्यावर येणार नाहीत. एका फोनवर दोन जणींची खाती राहू शकतात, एकीला दुसरीचं नाव दिसत नाही. बारा शब्दांच्या कागदावर कट्ट्याचा उल्लेख नको, तो पिठाच्या डब्याखाली सापडला तरी नुसते शब्द दिसावेत. घरातल्याने पिन मागितला आणि नाही म्हणायची सोय नसली, तर आम्ही काही करू शकत नाही, हे मदतीच्या पानावर स्पष्ट लिहिलं.

१७ जानेवारी

सीमालढ्याचा हुतात्मा दिन. काम नाही.

१८ जानेवारी, रविवार

टोकनवाटप सुरू. एक पळवाट आधीच बुजवली: वाचनालयाने मनात आणलं तर प्रत्येकाला वेगळ्या किल्लीने सही देऊन पाकिटांवर खुणा करता येतील. त्यामुळे वर्षाची किल्ली एकच, तिचा ठसा (किल्लीवरून निघणारी छोटी अक्षरमाळ) अ‍ॅपमध्ये पक्का बसवलेला, आणि तोच वाचनकक्षातल्या फळ्यावर खडूने लिहिलेला. शंका असेल त्याने फोन समोर धरून जुळवून पाहावं. जुळवून पाहणारे निघाले, विशेषतः निवृत्त बँकवाले.

२५ जानेवारी, रविवार

निपाणी आणि खानापूरच्या वाचनालयांनाही यायचंय. सगळ्यांनी एकच किल्ली वापरली तर कुणीही गुपचूप हवी तेवढी टोकनं छापेल आणि आंधळ्या सहीमुळे छापणारा कधीच सापडणार नाही. प्रत्येकाची किल्ली वेगळी ठेवली तर टोकन कुठल्या वाचनालयाचं हे दाराशी कळतं, आणि खानापूरचा गट लहान. किल्ली वाटून घेऊन दोघांनी मिळून सही करायच्या पद्धती आहेत, पण त्यासाठी दोन्हीकडे एकाच वेळी इंटरनेट हवं. पावसाळ्यात खानापुरात विजेचाच भरवसा नाही.

वेगळ्या किल्ल्या घेतल्या. दाराने वाचनालय बघून लगेच विसरायचं, खात्याच्या नोंदीत ते येणार नाही. कुठल्याही नव्या वाचनालयाला ५० टोकनांची अट लागू. यात दार चालवणाऱ्यावर, म्हणजे आमच्यावर, थोडा विश्वास ठेवावा लागतो. तो किती, हे तिन्ही वाचनालयांना लेखी कळवलंय. ओळख पटावी म्हणून प्रत्येक वाचनालयाचा डीआयडी त्याच्या स्वतःच्या डोमेनवर राहील.

सभासदांना सार्वजनिक डीआयडी देण्याचा विचार मात्र सोडला. ब्लूस्काय हे सोशल नेटवर्क वापरतं ती डीआयडीची पीएलसी पद्धत तपासली होती. किल्ली बदलता येते, चुकीचा बदल ७२ तासांत परतवता येतो, हे चांगलं. पण बदलांचा इतिहास जाहीर असतो. आधी खऱ्या नावाचं हँडल घेऊन नंतर टोपणनाव लावलं, तरी जुनं हँडल त्या इतिहासात कुणालाही वाचता येतं.

८ फेब्रुवारी, रविवार

दार उघडून आठवडा झाला. पहिली तक्रार अपेक्षेप्रमाणे शाळेच्या माध्यमावरूनच. आयटी नियम २०२१प्रमाणे तक्रार अधिकाऱ्याचं नाव पानावर आहे, २४ तासांत पोच आणि ठरलेल्या मुदतीत निकाल. पोच गेली.

तक्रारीपेक्षा तिच्याखालचं उत्तर जास्त वाईट होतं: ‘भाषेवरून कळलं, हा निपाणीकडचा अमुकच.’ कुणी ‘करालाय’ लिहितं, कुणी ‘करतोय’, कुणाच्या वाक्यात कन्नड शब्द जास्त, कुणाला प्रत्येक ओळीनंतर तीन टिंबं द्यायची सवय. लिहिण्याच्या लकबीवर कुठलंही पाकीट चढत नाही. अ‍ॅपने भाषा सपाट करून द्यावी अशी एक सूचना आली, ती मी ठाम नाकारली. सगळे एकसारखे बोलू लागले तर कट्टा काढला कशाला? त्याऐवजी नियम: दुसऱ्याची ओळख सांगणारी किंवा अंदाजणारी पोस्ट, अंदाज चुकला तरी, ताबडतोब काढायची. इतर कुठल्याही गुन्ह्याला आधी समज दिली जाते, याला नाही. ते उत्तर काढलं, लिहिणाऱ्याचं खातं महिनाभर बंद.

राहिलेलं काम वार्षिक नूतनीकरणाचं. वाचनालयाचं वर्ष एप्रिल ते मार्च. जुन्या खात्याने नव्या वर्षाचं टोकन देऊन खातं चालू ठेवायचं. वर्गणी भरल्याच्या दिवशीच कुणी नूतनीकरण केलं तर वेळेवरून पुन्हा ताडता येईल, म्हणून मुदत जूनअखेरपर्यंत, आणि अ‍ॅप त्या मुदतीतला दिवस स्वतः निवडेल. नव्या किल्लीचा ठसा २० मार्चला फळ्यावर लागेल. निपाणीला फळा नाही, तिथे सूचनाफलकावर छापील कागद लावायचा.